न्यूट्रिनो, प्रकाश आणि १८ मीटरची भानगड

शाळेच्या दप्तरातली एक फुटाची पट्टी आठवा. तीस सेंटिमीटरची. तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला एक नॅनोसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. एवढा एक हिशोब लक्षात ठेवला की पुढची गोष्ट सोपी जाते. एक नॅनोसेकंद म्हणजे एक पट्टी. साठ नॅनोसेकंद म्हणजे साठ पट्ट्या, म्हणजे १८ मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही जरा कमीच.

या १८ मीटरांनी २०११ साली जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडवली होती. २३ सप्टेंबरला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत दारिओ औतिएरो व्याख्यानाला उभे राहिले. त्यांनी ‘ऑपेरा’ नावाच्या प्रयोगाचा निकाल सांगितला: सर्नमधून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा साठ नॅनोसेकंद आधी पोचतायत. हे अंतर कापायला प्रकाशाला २.४ मिलीसेकंद लागतात. तेवढ्यात न्यूट्रिनोंनी १८ मीटरची आघाडी घेतली होती. लाखाच्या व्यवहारात अडीच रुपयांचा फरक, म्हटलं तर सोडून द्यावा इतका. पण आइनस्टाइनच्या वहीत इथे अडीच पैशांचीही सूट नाही. प्रकाशाच्या निर्वात पोकळीतल्या वेगापुढे काहीही जात नाही, म्हणजे नाही.

मग न्यूट्रिनो खरंच किती वेगाने धावतात? उत्तर आधीच सांगून टाकतो, रहस्यकथा लिहायची नाहीये. ते प्रकाशापेक्षा किंचित हळू धावतात. गंमत अशी की आजवरच्या एकाही शर्यतीत ते मागे पडलेले कुणाला दिसलेले नाहीत. ते हळू आहेत हे आपल्याला भलत्याच वाटेने कळलं. त्या वाटेपर्यंत जाण्याआधी शर्यती बघू, कारण त्यांच्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

न्यूट्रिनो म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा कण. त्याला विद्युतभार नाही, अणूंशी देणंघेणं जवळपास नाही. सूर्याच्या गाभ्यात तयार झालेले सुमारे ६५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. रात्रीसुद्धा जातात, फक्त तेव्हा ते आख्खी पृथ्वी ओलांडून पायाखालून वर येतात. किरणोत्सारी अणू इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो तेव्हा ऊर्जेचा जमाखर्च जुळत नव्हता. ती तूट भरून काढायला वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये हा कण कागदावर मांडला. प्रत्यक्ष हाती लागायला १९५६ उजाडलं. अमेरिकेतल्या सव्हाना नदीकाठच्या अणुभट्टीजवळ फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी तो पकडला.

असा कण शर्यतीत उतरवायचा कसा? सर्नमध्ये प्रोटॉनना प्रचंड वेग देऊन ग्राफाइटच्या कांड्यांवर आदळवत. त्या धडकेतून पायॉन आणि केऑन नावाचे अल्पायुषी कण निघत आणि सुमारे किलोमीटरभर लांबीच्या निर्वात बोगद्यातून धावता धावताच मोडत. मोडताना त्यांच्यातून म्यूऑन जातीचे न्यूट्रिनो बाहेर पडत. बाकीचा कचरा पुढच्या खडकात अडकून पडे आणि न्यूट्रिनो तसेच सरळ पुढे निघत. पृथ्वी गोल असल्यामुळे ही सरळ रेष मध्यावर जमिनीखाली दहा-अकरा किलोमीटर खोल जाते. त्यासाठी बोगदा वगैरे काही लागत नाही, खडक हाच त्यांचा हमरस्ता. त्या वेळच्या इटलीच्या शिक्षणमंत्री मारियास्तेल्ला जेल्मिनी यांच्या खात्याने मात्र अभिनंदनाच्या पत्रकात सर्न ते ग्रान सास्सो या ‘बोगद्या’च्या बांधकामात इटलीने साडेचार कोटी युरोंचा वाटा उचलल्याचं अभिमानाने जाहीर करून टाकलं. ७३० किलोमीटरचा बोगदा! इटलीत त्यावर कितीतरी दिवस विनोद चालले होते.

दुसऱ्या टोकाला ग्रान सास्सो. रोमच्या पूर्वेकडे डोंगरातून महामार्गाचा दहा किलोमीटरचा बोगदा जातो. त्याच्याच कडेला, डोक्यावर १४०० मीटर खडक घेऊन, ही भूमिगत प्रयोगशाळा आहे. ऑपेराचं यंत्र म्हणजे शिशाचे पत्रे आणि फोटोच्या फिल्मसारखे थर एकाआड एक रचून केलेल्या सुमारे दीड लाख विटांची भिंत. ती वेग मोजायला उभारलेलीच नव्हती. म्यूऑन जातीचे न्यूट्रिनो वाटेत टाऊ जातीचे होतात का, हे बघणं तिचं खरं काम. वेगाची मोजणी हे जोडकाम होतं. पण हे जातबदलाचं प्रकरण लक्षात ठेवा, शेवटी तेच कामाला येणार आहे.

आता मोजणी. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. चौथीतलं गणित, पण इथे दोन्ही आकड्यांनी घाम काढला. अंतर २० सेंटिमीटरच्या आतबाहेर इतकं नेमकं हवं होतं. उपग्रह जमिनीखालचं बघू शकत नाहीत, म्हणून महामार्गाच्या बोगद्यातली एक मार्गिका बंद ठेवून सर्वेक्षकांनी दोन्ही तोंडांपासून आत माप नेलं. ते इतकं काटेकोर होतं की एप्रिल २००९ मध्ये लाक्विला गावाजवळ भूकंप झाला तेव्हा प्रयोगशाळा सात सेंटिमीटर सरकल्याचंही त्यात दिसलं. न्यूट्रिनो वाटेत असतानाच्या २.४ मिलीसेकंदांत पृथ्वी स्वतःभोवती जराशी फिरते. त्यापायी पडणारा २.२ नॅनोसेकंदांचा फरकही त्यांनी धरला होता.

शिवाय या शर्यतीत प्रकाश प्रत्यक्ष धावतच नव्हता. डोंगराखालून त्याला कोण सोडणार? प्रकाशाची वेळ कागदावर काढलेली: अंतर भागिले सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. म्हणजे एक स्पर्धक मैदानात आणि दुसरा वहीत. सगळी भिस्त घड्याळांवर.

घड्याळं दोन, देश दोन. दोन्हीकडे जीपीएसचे खास संच आणि सीझियमची अणुघड्याळं बसवली होती. स्विस आणि जर्मन मापनसंस्थांनी ती एकमेकांशी ताडून पाहिली होती. न्यूट्रिनो निघाला कधी, हा त्याहून अवघड प्रश्न. सर्नमधले प्रोटॉन एकेक करून सुटत नसत. त्यांचा १०.५ मायक्रोसेकंद लांबीचा ओघ असे. पट्टीच्या हिशोबात तीन किलोमीटरहून लांब वरात. त्या वरातीतल्या नेमक्या कुठल्या प्रोटॉनपासून आपला न्यूट्रिनो आला हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्यांनी तीन वर्षं सोळा हजारांवर न्यूट्रिनो गोळा केले, त्यांच्या येण्याच्या वेळांचा एक आलेख काढला आणि तो प्रोटॉनांच्या ओघाच्या आकारावर ठेवून किती सरकवला की जुळतो ते पाहिलं. उत्तर आलं ६०.७ नॅनोसेकंद. मोजणीत त्यांनी धरलेली संभाव्य चूक दहा नॅनोसेकंदांच्या आसपास. संख्याशास्त्राच्या भाषेत सहा सिग्मा, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा निकाल.

तीन किलोमीटरच्या वरातीतून १८ मीटरचा फरक काढताय, हा आक्षेप लगेच आला आणि रास्तही होता. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्नने तीन-तीन नॅनोसेकंदांचे आखूड झटके सोडले. वरातीऐवजी आता एकेक मीटरचे घोळके, आणि मध्ये मोठी मोकळी जागा. न्यूट्रिनो मिळाले फक्त वीस, पण त्यांच्याबद्दल संशयाला जागा नव्हती. उत्तर? ६२ नॅनोसेकंद. तेच! ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलिली यांनी, हा निकाल खरा ठरला तर दूरचित्रवाणीवर स्वतःची चड्डी खाईन, अशी पैज जाहीर केली होती. त्या दिवसांत त्यांना थोडं टेन्शन आलं असावं.

माझ्या मते ऑपेराच्या लोकांनी एक गोष्ट चांगली केली. ‘आइनस्टाइन चुकला’ असं त्यांनी कुठेही म्हटलं नाही. महिनोन्‌महिने शोधूनही चूक सापडत नाही, तुम्हीही शोधा, एवढंच ते म्हणाले. काही सहकाऱ्यांना तेवढंही घाईचं वाटलं आणि त्यांनी शोधनिबंधावर नाव घालायला नकार दिला. वर्तमानपत्रांना मात्र आइनस्टाइनच हवा होता.

तारा काय म्हणतो

अनेक भौतिकशास्त्रज्ञांच्या मनात पहिल्या दिवसापासून एक तारीख घोळत होती: २३ फेब्रुवारी १९८७.

त्या दिवशी १,६८,००० प्रकाशवर्षांवरच्या मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेत, एक तारा फुटल्याची खबर पृथ्वीवर पोचली. असा तारा फुटतो म्हणजे आधी त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने सेकंदाच्या आत आत कोसळतो. तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेपैकी ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. आपल्याला दिसणारा झगझगाट हा उरलेल्या एका टक्क्यातलाही थोडासा भाग. जागतिक वेळेनुसार सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी जपानमध्ये कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीत, अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत आणि कॉकेशसमधल्या बाक्सानच्या बोगद्यात मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो सापडले. बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. त्यानंतर साधारण दोन तासांनी न्यूझीलंडमधले निरीक्षक अल्बर्ट जोन्स नेमका आकाशाचा तोच भाग बघत होते. त्यांना काहीही वेगळं दिसलं नाही. १० वाजून ३८ मिनिटांनी ऑस्ट्रेलियात काढलेल्या छायाचित्रात तारा उजळलेला सापडतो.

म्हणजे न्यूट्रिनो प्रकाशाच्या सुमारे तीन तास आधी आले. मग ते वेगवान ठरले की काय? नाही. ते आधी निघाले होते. गाभा कोसळला की न्यूट्रिनो ताऱ्याच्या थरांना न जुमानता जवळपास लगेच बाहेर पडतात. प्रकाशाला मात्र वाट बघावी लागते. कोसळण्यातून उठलेली आघातलहर थर फोडत पृष्ठभागावर पोचेपर्यंत बाहेरून बघणाऱ्याला ताऱ्याच्या पोटात काय चाललंय याचा पत्ताच नसतो. त्या ताऱ्याच्या आकाराच्या हिशोबाने या प्रवासाला काही तास लागणार होते, आणि लागलेही तेवढेच. एकाच गावाहून पंढरपूरला निघालेल्या दोघांपैकी एक पहाटेच चालू लागला आणि दुसऱ्याला घरातून निघायला तीन तास उशीर झाला, तर पहिला तीन तास आधी पोचणारच. चाल दोघांचीही सारखीच.

आता ऑपेराचा आकडा या ताऱ्याला लावून बघा. लाखाला अडीच या हिशोबाने १,६८,००० वर्षांच्या प्रवासात न्यूट्रिनोंनी चार वर्षांहून जास्त आघाडी घ्यायला हवी होती. ते १९८२-८३ च्या सुमारास येऊन गेले असते आणि १९८७ च्या त्या सकाळी टाक्यांमध्ये शुकशुकाट असता. प्रत्यक्षात एवढ्या प्रवासानंतर दोघांमध्ये तीन तासांचाच फरक होता, आणि तोही उशिरा निघण्याचा. म्हणजे दोघांच्या वेगात फरक असलाच तर तो ५० कोटींत एक भाग, किंवा त्याहूनही कमी.

इथे घड्याळांचा एक किस्सा सांगायलाच हवा. कामिओकातलं घड्याळ एका मिनिटाने पुढे-मागे असू शकत होतं. ऑपेराच्या नॅनोसेकंदांपुढे एक मिनिट म्हणजे युगच. पण शर्यत पावणेदोन लाख वर्षांची असेल तर मिनिटाला कोण विचारतो? लांब पल्ल्याची शर्यत भोंगळ घड्याळावरही नीट मोजता येते. आखूड शर्यतीलाच सोन्याची घड्याळं लागतात.

ऑपेराची बाजू घेणाऱ्यांकडे एक पळवाट होती. ताऱ्याचे न्यूट्रिनो कमी ऊर्जेचे, साधारण एक कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचे (कणांची ऊर्जा या एककात मोजतात, आणि वस्तुमानही). सर्नचे सरासरी १७०० कोटींचे. कदाचित जास्त ऊर्जेचेच न्यूट्रिनो मर्यादा ओलांडत असतील. ही पळवाट अँड्र्यू कोहेन आणि शेल्डन ग्लॅशो यांनी आठवड्याभरात बुजवली. वेगमर्यादा ओलांडणारा न्यूट्रिनो इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारी जोडीदार) यांच्या जोड्या उधळत जाईल आणि प्रवासातच दमेल, असा त्यांचा हिशोब होता. जोराने जाणाऱ्या होडीमागे पाण्यात लाटा उठतात आणि त्यांच्यावर होडीची शक्ती खर्च होते, तसंच काहीसं. मग ग्रान सास्सोला जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो पोचायलाच नकोत. ते तर खुशाल पोचत होते. त्याच डोंगराखालच्या ‘इकारुस’ नावाच्या शेजारच्या प्रयोगाने तपासलं, तर ऊर्जेत कुठेही गळती नव्हती.

पिळून न बसवलेली केबल

एवढं सगळं विरुद्ध असताना चूक होती कुठे? एका जोडणीत.

जीपीएसचा संच डोंगराबाहेर, उघड्या आकाशाखाली. यंत्र आत. मध्ये ८.३ किलोमीटरची काचतंतूची केबल, जिच्यातून प्रकाशाच्या झटक्यांनी ‘आत्ता इतके वाजले’ हा निरोप आत जायचा. त्या प्रवासाला सुमारे ४१,००० नॅनोसेकंद लागतात हे माहीत होतं आणि ते वजाही केलेले होते. पण आतल्या घड्याळाच्या पेटीला ही केबल जिथे जोडली होती तिथे ती पुरती पिळून बसवलेली नव्हती. त्यामुळे पेटीत प्रकाश कमी जात होता. नळाला पाणी कमी दाबाने आलं की बादली भरायला वेळ लागतो, तसं पेटीतल्या संवेदकाला ‘झटका आला’ म्हणायला लागेल एवढा विद्युतसंकेत साठायला जास्त वेळ लागू लागला. उशीर ७३ नॅनोसेकंदांचा.

उशीर झाला आणि त्यामुळे न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसले, हे वाचून पहिल्यांदा डोकं गरगरतं. माझंही गरगरलं होतं. मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे असं समजा. तुम्ही ऑफिसात दहा वाजता पोचता, घड्याळ दाखवतं नऊ पंचावन्न, आणि तुम्ही खुशीत म्हणता, आज पाच मिनिटं आधीच आलो! डोंगराखालचं घड्याळ वेळेचा निरोप उशिरा मिळाल्यामुळे ७३ नॅनोसेकंद मागे होतं. न्यूट्रिनो वेळेवरच येत होते.

दुसरीही एक गडबड सापडली, आणि तीही घड्याळातच. आतलं मुख्य घड्याळ किंचित जास्त वेगाने चालत होतं. ही चूक उलट दिशेची, सुमारे १५ नॅनोसेकंदांची. ७३ वजा १५ म्हणजे ५८. साठातल्या अठ्ठावन्नांचा हिशोब लागला! फेब्रुवारी २०१२ मध्ये हे जाहीर झालं.

केबल सैल होती हे कळलं, पण ती कधीपासून सैल होती? हा शोध मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्याच प्रयोगशाळेत ऑपेरापासून १६० मीटरवर ‘एलव्हीडी’ नावाचं दुसरं यंत्र होतं. आकाशातून येणारे म्यूऑन कण (हे न्यूट्रिनो नव्हेत, इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) सहसा वरून खाली येतात. पण तेरामो शहराच्या बाजूला डोंगराची रचना अशी आहे की तिकडून काही म्यूऑन जवळपास आडवे घुसतात आणि दोन्ही यंत्रांमधून पार होतात. दोन घड्याळांना एकाच म्यूऑनने लागोपाठ टिचकी मारली की घड्याळं जुळतात की नाही ते कळतं. वर्षानुवर्षांच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या, तर २००८ च्या मध्यापासून २०११ च्या अखेरीपर्यंत ऑपेराच्या वेळा ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेल्या होत्या. त्याच्या आधी आणि नंतर ठीक. जन्मभर कुणाचं लक्ष न गेलेल्या आडव्या म्यूऑनांनी निकाल लावला.

मार्चमध्ये इकारुसने स्वतःच्या सात न्यूट्रिनोंच्या वेळा जाहीर केल्या. त्या प्रकाशाच्या वेळेशी जुळत होत्या. महिनाअखेर ऑपेराचे प्रवक्ते अंतोनिओ एरेदितातो आणि औतिएरो या दोघांनी पदं सोडली. मे महिन्यात सर्नने पुन्हा आखूड झटके सोडले आणि ग्रान सास्सोतल्या चारही प्रयोगांनी, ऑपेरासकट, एकाच वेळी मोजलं. जूनमध्ये क्योटोच्या परिषदेत निकाल सांगितला गेला: मोजणीच्या अचूकतेत न्यूट्रिनो आणि प्रकाश बरोबरीत. ज्या कामासाठी ती दीड लाख विटांची भिंत उभी केली होती तेही झालं. २०१५ पर्यंत तिच्यात टाऊ जातीचे पाच न्यूट्रिनो सापडले. त्याची बातमी कितीजणांनी वाचली?

शर्यत न लावता

बरोबरी म्हणजे सारखा वेग, असं मात्र नाही. बरोबरी म्हणजे एवढंच, की आपल्या घड्याळाला फरक दिसला नाही.

सापेक्षतेचा नियम असा: ज्याला वस्तुमान नाही तो कण निर्वात पोकळीत प्रकाशाच्याच वेगाने धावतो, त्याला दुसरा पर्याय नाही. ज्याला थोडंही वस्तुमान आहे तो त्या वेगापर्यंत कधीच पोचत नाही, कितीही ऊर्जा ओता. शंभरपैकी ९९ मिळतील, अभ्यास वाढवला तर ९९.९९ मिळतील, शंभर मिळणार नाहीत. न्यूट्रिनोंच्या बाबतीत ऊर्जा दहापट केली की उरलेली तूट शंभरपटीने घटते. म्हणजे सगळा प्रश्न येऊन ठेपतो एकाच ठिकाणी: न्यूट्रिनोला वस्तुमान आहे का?

आता तो जातबदल. न्यूट्रिनोंच्या तीन जाती: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडेने दाखवलं की वातावरणात तयार झालेले म्यूऑन न्यूट्रिनो डोक्यावरून येतात तेव्हा पुरेसे भरतात, पण पृथ्वी ओलांडून पायाखालून येतात तेव्हा कमी भरतात. लांबच्या वाटेत ते जात बदलत होते. (वातावरणातले हे न्यूट्रिनो पहिल्यांदा सापडले त्या जागांपैकी एक आपली कोलारची सोन्याची खाण. १९६५ मध्ये, दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका आणि ड्युरॅमच्या शास्त्रज्ञांबरोबर तिथे यंत्रं लावली होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत राइन्स यांच्या गटालाही ते सापडले.) पुढे कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने सूर्याच्या न्यूट्रिनोंचंही तेच असल्याचं सिद्ध केलं. ताकाआकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना याबद्दल २०१५ चं नोबेल मिळालं.

जात बदलण्याचा वेगाशी काय संबंध? पुन्हा घड्याळच. सापेक्षतेत वेगाने धावणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं आणि प्रकाशाच्या वेगाला ते थांबतं. प्रकाशकणाला स्वतःचा असा काळच नसतो, त्यामुळे वाटेत त्याच्यात आपोआप काही बदलण्याचा प्रश्न येत नाही. न्यूट्रिनो वाटेत बदलतो. म्हणजे त्याच्या घड्याळाचा काटा हलतो. म्हणजे तो प्रकाशाच्या वेगाने जात नाही. हे झालं ढोबळ चित्र. नेमकेपणाने बोलायचं तर जातबदलातून वस्तुमानांमधला फरक मोजला जातो आणि त्यावरून तीनपैकी किमान दोन न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे हे ठरतं. तिसऱ्याबद्दल अजून दार उघडं आहे.

वस्तुमान आहे, पण किती? जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या ‘काट्रिन’ प्रयोगाने ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ही वरची मर्यादा घातली आहे. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान याच मापात ५,११,०००. समजुतीसाठी न्यूट्रिनोचं ०.१ धरू आणि सर्न ते ग्रान सास्सो शर्यत पुन्हा लावू, या वेळी डोंगरातून प्रकाशालाही सोडता येतंय असं मानून. ७३० किलोमीटरनंतर प्रकाश पुढे असेल, पण केवढा? प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. काट्रिनची मर्यादा जशीच्या तशी धरली तरी आघाडी एका प्रोटॉनएवढी होत नाही. कुठे १८ मीटर आणि कुठे हे! म्हणून म्हटलं, शर्यतीत ते मागे पडलेले कुणाला दिसलेले नाहीत, आणि दिसण्याची आशाही नाही.

त्या १९८७ च्या ताऱ्यालाही तेच वस्तुमान लावून बघितलं. १,६८,००० वर्षांच्या प्रवासात उशीर होतो सेकंदाच्या चार हजाराव्या भागाच्या आसपास. आणि न्यूट्रिनोच्या स्वतःच्या घड्याळात त्या सगळ्या प्रवासाला किती वेळ गेला? साधारण पंधरा तास. आपल्याकडे माणूस आफ्रिकेतून जगभर पसरला, शेती आली, शहरं आली. त्याच्याकडे रात्रीची एसटी पकडून सकाळी गावी उतरल्यावर जरा उन्हं चढावीत, एवढाच वेळ.

सगळेच न्यूट्रिनो असे चपळ नसतात. महास्फोटानंतर पहिल्या सेकंदाच्या सुमारास मोकळे झालेले न्यूट्रिनो अजून विश्वात भरून आहेत, दर घनसेंटिमीटरला तीनशेहून जास्त, तुमच्या आसपासही. विश्व पसरत गेलं तशी त्यांची ऊर्जा विरत गेली. त्यांच्यातले जड न्यूट्रिनो आज सेकंदाला तीन हजार किलोमीटर किंवा त्याहूनही हळू रेंगाळत असणार, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या एखादा टक्का. त्यांच्याशी शर्यत लावली तर फरक साध्या घड्याळावरही दिसेल. पण त्यांची ऊर्जा इतकी कमी आहे की त्यातला एकही अजून प्रत्यक्ष हाती लागलेला नाही.

उलट पदार्थातून जायची वेळ आली की न्यूट्रिनो प्रकाशाला सहज मागे टाकतात, आणि त्यात कुठलाही नियम मोडत नाही. मर्यादा निर्वात पोकळीतल्या वेगाची आहे. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. सूर्याच्या गाभ्यात निघालेली प्रकाशऊर्जा ठेचकाळत बाहेर यायला हजारो वर्षं घेते. तिथूनच निघालेला न्यूट्रिनो सव्वादोन सेकंदांत बाहेर.

याच फरकावर आता एक पहारा उभा आहे. जगभरचे न्यूट्रिनो शोधक एका जाळ्यात जोडलेले आहेत. एकाच वेळी अनेक ठिकाणी न्यूट्रिनोंचा लोंढा आला की खगोलशास्त्रज्ञांना आपोआप इशारा जातो: कुठेतरी जवळ तारा कोसळला आहे, प्रकाश अजून यायचा आहे. १९८७ चा तारा निळा आणि तुलनेने आटोपशीर होता, म्हणून तीनच तास मिळाले. मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी कधी काळी फुटेल, तो मात्र प्रचंड फुगलेला आहे. त्याच्या गाभ्यातून उठलेल्या लहरीला पृष्ठभाग गाठायला जवळपास एक दिवस लागेल. म्हणजे न्यूट्रिनो येऊन गेल्यावर दुर्बिणी वळवायला, झोपलेल्यांना उठवायला आणि पोराबाळांना घेऊन गच्चीवर जायला वेळ मिळेल.